न लावलेला कौल

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. गावानेही फसवलं, पण गावाला एक तोंड नसतं, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हे कळत नाही. भावाला तोंड आहे. ते त्याने इतकी वर्षं मिटून ठेवलंय, हेच माझं भांडण आहे.

कार्तिक लागला की हे भांडण आपोआप वर येतं. डोंबिवलीत माझी बांबूची वखार आहे. लहानपणी डोक्यावरून मिठाची पाटी वाहिली आणि तिथून इथवर आलो, कुणाचा हात धरून नाही. एरवी दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात माझा जीव रमतो. पण दिवाळी सरली की पावसाळाभर समुद्राकडून येणारा वारा दमतो आणि पहाटे डोंगराकडून उलटा वारा सुटतो. खाडीवरची माणसं त्याला मतलई म्हणतात. मतलई सुटली की आभाळ धुतल्यासारखं होतं, खळ्यांवर भात झोडपल्याचा आवाज येतो, बायका उन्हात सुकटी पसरतात. सगळ्यांना हे दिवस आवडतात. मला मात्र बसवत नाही. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि मी नाक वर करून वाऱ्याचा वास घेत राहतो. बांबूच्या कोरड्या वासातून चिखलाचा वास येतो का, ते बघतो. त्या वर्षी मतलई मध्येच थांबली होती.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी दिवाळी होऊन गेली होती. आमचं गाव दिवा स्टेशनच्या पुढे, ठाकुर्लीच्या अलीकडे, खाडीला पाठ लावून बसलेलं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये एक बांध, आणि बांधाला एक उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायची आणि भरतीचं पाणी अडवायची लाकडी झडप. बांधाच्या आत भातशेती, थोडी मिठागरं, मग घरं. घराच्या ओट्यावर बसलं तर बांधापलीकडचं भरतीचं पाणी डोळ्यांच्या वर असायचं. लहानपणी आम्हाला त्याचं काही वाटत नसे. जगभर असंच असतं, पाणी वर आणि माणसं खाली, असं आम्ही समजत होतो.

वारा थांबला, मग दक्षिणेकडून आला, आणि मग तो वारा राहिलाच नाही, तुफान झालं. वखारीतल्या उभ्या बांबूंच्या मोळ्या आडव्या झाल्या, शेजारच्या घराचे पत्रे पत्त्यांसारखे उडत गेले. उजाडल्यावर मी वखारीतून गावाकडे निघालो. रस्ता नव्हता. आंब्याची झाडं मुळं वर करून पडली होती. माळाच्या टोकावर येऊन खाली पाहिलं, तर गाव होतं त्या जागी खाडी होती. उघाडीपाशी बांध फुटला होता आणि भरती सरळ घरांत शिरली होती. झोडपलेलं भात पाण्यावर तरंगत होतं, पिवळंधमक, जणू कुणी पाण्यालाच खळं केलं होतं.

ओहोटीबरोबर पाणी उतरलं. माणसं तशी वाचली. उंच बांधांवर, झाडांवर, मंदिराच्या चौथऱ्यावर चढून बसली होती. दादूसची भागी वाचली नाही. दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. भागी त्याची लेक, नुकती भिंत धरून चालायला लागली होती. खाडीकाठच्या तिवरांच्या मुळ्यांत सापडली. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत. दादूसने तिला आपल्या खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळलं आणि बांधाच्या देवामागे जो उंचवटा आहे तिथे पुरलं. मी खड्डा खणायला पुढे झालो, तर त्याने फावडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि एकटाच खणत राहिला.

मी असं का सांगतोय? कारण लोक म्हणतात, हिरूशेटला दुसऱ्याचं दुःख कळत नाही, त्याला फक्त भाव कळतो. मला दोन्ही कळतं. दुःखात घेतलेला निर्णय हाही सौदाच असतो, आणि अशा सौद्यात माणूस जास्त फसतो, हेही कळतं.

नंतर एक सरकारी साहेब आले. त्यांची जीप चिखलात रुतली, ती आम्हीच ढकलली. त्यांनी रुमाल नाकाला लावून गाव पाहिलं आणि म्हणाले की इथे पुन्हा घरं बांधू नका, वर माळावर जा. सांगून गेले. माळ काय त्यांच्या तीर्थरूपांचा होता? तो होता ठाण्याच्या एका वकिलांचा. मग मी ठाण्याला गेलो.

ती घासाघीस मी आजही आठवतो. वकील झोपाळ्यावर, मी समोर जमिनीवर. ते एक म्हणायचे, मी चपला घालून उठायचो. दारापर्यंत गेलो की ते हाक मारायचे. मी परत येऊन चपला काढायचो. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी ठरलं ते असं: माळावर गावाने घरं बांधावीत, विहीर खणावी, बदल्यात माळाचं पावसाळी गवत गावाने कापून त्यांच्या गोठ्यात पोचवावं. बस. वकिलांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अहो, हा माणूस कोर्टात असता तर तुमचं काय झालं असतं?" मी घरी येईपर्यंत गुणगुणत होतो. बुडालेल्या गावाला मी कोरडी जमीन आणली होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा.

गावात मात्र जुन्या माणसांनी एकच धरलं. देवाला विचारल्याशिवाय कुणी हलायचं नाही. बांधाचा देव म्हणजे शेंदूर फासलेला कमरेएवढा दगड. बांध भरायच्या आधी, मीठ काढायच्या आधी, होळी पेटवायच्या आधी त्याला विचारायचं. आणि विचारायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे दादूसचा. दोन भिजवलेले तांदूळ घ्यायचे, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवायचा, एक डाव्या. प्रश्न सगळ्यांना ऐकू येईल असा विचारायचा आणि थांबायचं. उजवा आधी सुटला तर होय, डावा सुटला तर नाही. एकदा विचारलं ते पुन्हा विचारायचं नाही.

सगळं गाव घोट्यापर्यंत चिखलात उभं होतं. दादूस अंघोळ करून ओल्या धोतराने आला. भागी गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता, त्यामुळे त्याचा आवाज बाहेर आला तो गंजल्यासारखा. म्हणाला, "देवा, लेकरांनी वर घरा बांधावी का?" आणि डोळे मिटले. माझे उघडे होते. उजवा तांदूळ थरथरला आणि सुटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नारळ फुटला. त्या नारळावर एकेका घराने हात ठेवला की आम्ही वर जाऊ आणि वरच राहू. दादूसने सगळ्यात शेवटी ठेवला.

मग आम्ही वर गेलो. बांबू माझ्या वखारीतून गेले, ज्याला जसे लागले तसे. यावर अजून लोक कुजबुजतात की हिरूशेटने वखार चालावी म्हणून गाव वर नेलं. म्हणोत बापडे. ज्यांनी ते म्हटलं, त्यांच्या घराचं आढं कुठून आलं ते त्यांना विचारा.

माळ म्हणजे काय, ते माळावर राहून कळतं. वारा चारी बाजूंनी. जमीन अशी की खुंटी ठोकली तर खुंटीच वाकते. विहीर खणली ती कातळापाशी अडली. बायका खालच्या तळ्यावरून हंडे आणायच्या, आणि रोज एकीचा तरी हंडा चढणीवर निसटून दगडांवरून घणघणत खाली जायचा. तो आवाज आला की सगळा माळ हसायचा, आणि मग ती बाई सगळ्या माळाला शिव्या द्यायची. आमची आय म्हणायची, इथं झोप लागत नाही, कानाला पाणी ऐकू येत नाही. जन्मभर बांधावर भरती आपटायचा आवाज ऐकत निजलेली बाई. मी म्हटलं, तेच पाणी घरात आलं होतं ना? तर म्हणाली, "आला व्हता. पण रोज नाय आला."

सगळ्यात आधी कुत्री परत गेली. सकाळी उठावं तर ओट्याखाली कुत्रं नाही. खाली बघावं तर ती चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांमागे धावताहेत. मग बदकं. मग मिठाचे दिवस आले, आणि आगरावर राखणीला म्हणून पुरुषांनी खाली खोपटी घातली. राखणीच्या खोपटीत चूल कशाला लागते, असं मी विचारलं. म्हणाले, चहाला. मग चुलीपाशी बायका दिसू लागल्या. होळी आली, ती देवासमोरच पेटवायची, म्हणून सगळा माळ खाली गेला. वर परत आले ते अर्धेच.

आणि पुढच्या कार्तिकात, असाच मतलई वारा सुटलेला असताना, मी वखार बंद करून माळावरच्या माझ्या घरी आलो, तर समोरून बांबू चालत येत होते. माणसं खांद्यावर घेऊन उतरत होती, पण मला दिसले ते बांबूच. माझ्या वखारीतले. बांबूच्या गाठी मी पोरांच्या तोंडांसारख्या ओळखतो. छपरं उतरवून खाली चालली होती. शेवटच्या बांबूखाली दादूस होता. मागून वयनी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन, आणि तिच्या मागे त्यांचे दोघे मुलगे, एकाच्या काखेत कोंबडी.

मी वाटेत आडवा उभा राहिलो. मला राग आला की माझा आवाज चढतो, तो चढला. नारळावर हात ठेवला होतास, म्हटलं. देवाने होय म्हटलं होतं, म्हटलं. मी ठाण्याला त्या वकिलाच्या पायांशी बसलो ते कुणासाठी, म्हटलं. दादूसने बांबू खांद्यावरून उतरवलासुद्धा नाही.

"देव खाली हाय," तो म्हणाला. "त्याला इचारला व्हता का, तू येशील का म्हणून?"

मी म्हटलं, "विचारायचं तुझं काम होतं. मान तुझा आहे."

"मना सुचला नाय," असं म्हणून तो माझ्या अंगावरून पुढे गेला. बांबूचं टोक माझ्या खांद्याला लागलं. तो ओरखडा लगेच गेला. ते वाक्य अजून आहे.

सुचलं नाही. हे मी मानत नाही. देव हलवायचा असला तर त्याचा वेगळा कौल लावावा लागतो, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. बापजाद्यांपासून आम्ही हेच करत आलो. देवाने लेकरांना वर जायला सांगितलं, पण स्वतः तो बांधावरच राहिला, कारण त्याला कुणी बोलावलंच नाही. गाव वर आणि देव खाली, अशी रचना करून ठेवली की गावाला खाली ओढायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. लोक म्हणाले, देवाला एकट्याला सोडून कसं राहायचं? नारळाची शपथ त्यापुढे काय टिकणार?

मी सौदे करणारा माणूस आहे. दुसऱ्याची बाजू मांडता आली नाही तर सौदा जमत नाही, म्हणून त्यांचीही बाजू मांडतो. मीठ खाली आहे. जिताडा मासा खाली आहे, चिंबोऱ्या खाली आहेत, भाताला लागणारा गाळ खाली आहे. माळावर राहून खाडीवर जगायचं म्हणजे सासर एका गावी आणि जेवण दुसऱ्या गावी. वर निजणारं माणूस वाचेल, पण वर खाईल काय? हे सगळं खरं. पण मग तेव्हा, चिखलात उभं असताना, हे का बोलला नाहीत? माझ्या कोरड्या जमिनीसाठी नारळ का फोडलात?

कल्याणच्या कॅम्पातला एक सिंधी गृहस्थ माझ्याकडून बांबू नेतो. फाळणीत सगळं सोडून आलेला. सोडलेल्या लष्करी बराकीत त्याने पापडांचा धंदा उभा केला. मला वाटलं, हा माणूस मला समजेल. याने गाव सोडलं आणि नव्या जागी घर केलं. मी त्याला आमच्या गावाची गोष्ट सांगितली, आणि म्हटलं, सांग, वेडे आहेत की नाही? त्याने बांबू वाजवून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाला, "शेट, तुम्हारा गाव दिखता है, इसलिए तुम झगडते हो. मेरा दिखता, तो मैं पानी में भी जाके बैठता." मी त्या दिवशी त्याला एक पैसा कमी केला नाही. पण वखार लवकर बंद केली.

आता माळावर माझं एकट्याचं घर आहे. बाकी घरांचे नुसते चौथरे उरले आहेत, त्यांवर गवत वाढतं, आणि ते गवत ठरल्याप्रमाणे मी कापून वकिलांच्या गोठ्यात पोचवतो, कारण शब्द माझा होता. आय पावसाळ्यात माझ्याकडे असते आणि मिठाच्या दिवसांत दादूसकडे. जाता येता म्हणते, "माज्या दोन पोरांना येक गाव पुरत नाय." माझी बायको मला म्हणते, तुम्ही जिंकलात ना, घर कोरडं आहे ना, मग रोज संध्याकाळी कड्यावर उभे राहून खाली काय बघता? मी सांगतो, वारा बघतो. खालची चूल पेटली का ते बघतो, हे तिला माहीत आहे. मला सांगायला लावू नका.

आणि तरीही दर कार्तिकात मी खाली जातो. हे लोकांना विचित्र वाटतं, पण आमच्याकडे वेगळं करताच येत नाही. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराचा असतो. दिवाळीनंतर, मोठ्या भरत्या येण्याआधी, ज्याने त्याने आपला तुकडा भरायचा. ओहोटीला खाजणातून चिखलाच्या ढेपा कापायच्या, तिवराच्या फांद्या आणि पेंढा घालून थर लावायचा, तुडवायचा. एकाचा तुकडा पोकळ राहिला तर पाणी तिथूनच येतं आणि सगळ्यांना बुडवतं. आमच्या घराचा तुकडा वडलांच्या मागे अर्धा दादूसचा, अर्धा माझा. मी वर राहतो म्हणून माझा अर्धा सोडू? ज्या बांधाआड गाव बसवू नका म्हणून मी गळा फोडला, तो बांध मी दरवर्षी माझ्या पायांनी तुडवून घट्ट करतो. वेडा कोण, ते तुम्हीच ठरवा.

या वर्षीही गेलो. पाय चिखलात गेले की आधी गार, मग कोमट, मग पाय आपले राहत नाहीत. आम्ही दोघे पाठीला पाठ लावून काम करत होतो. त्याची ढेप माझ्या ढेपेला येऊन मिळते तिथे सांधा येतो, आणि तो सांधा दोघांनी मिळून तुडवावा लागतो. तेवढा वेळ आम्ही समोरासमोर असतो. त्याचे केस पिकले आहेत. उंचवट्यावर देवामागे कुणीतरी झेंडूचं रोप लावलंय, त्याला फुलं आली होती. वयनीने भाकरी आणली, माझीही आणली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "भावोजी, आमाला वर न्यायचा तवा न्या. आता भाकर खा." दोघे पोरगे बांधाच्या आतल्या उतारावर, खाली बसून पाय हलवत होते. एकाला मिसरूड फुटतंय. दोघांच्या डोक्यांच्या वर, बांधापलीकडे, भरती चढत होती.

मी दादूसला म्हटलं, "देवाला आता विचार. येशील का म्हणून."

तो म्हणाला, "येकदा इचारलाय."

"हा प्रश्न कधीच विचारलेला नाही."

तो तुडवायचा थांबला. उंचवट्याकडे बघितलं, झेंडूकडे, आणि पुन्हा तुडवायला लागला. मला वाटलं होतं, त्याला डावा तांदूळ पडेल अशी खात्री आहे. त्याचं ते बघणं पाहिलं आणि कळलं, की त्याला उजवा पडेल याचं भय आहे. देव म्हणाला, चला, येतो, तर मग त्याला जावं लागेल. आणि देवाला उचलून नेता येतं, पण देवामागे जे आहे ते नेता येत नाही.

हे मला त्या पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, त्याने मला सांगायला हवं होतं. फावडं हातातून काढून घेताना सांगायचं. मी वकिलाच्या दारात चपला घालत-काढत बसलो नसतो. वर जायचंच नाही असं ठरलं असतं, तर त्या बांधाला दगड लावायला मी आकाशपाताळ एक केलं असतं, त्या साहेबाला जीपसकट चिखलात ठेवलं असतं. त्याने मला भलत्याच सौद्याला धाडलं, आणि गावाला धड वर ठेवलं नाही, धड खाली मजबूत केलं नाही. चिखलाच्या बांधाआड दोन पोरं निजतात. एकीसाठी तो राहिला, ते मी मान्य करतो, हात जोडून मान्य करतो. उरलेल्या दोघांचं काय?

म्हणून दादूस, माझा शेवटचा भाव सांगतो, आणि शेवटचा म्हणजे शेवटचा, चपला घालून उठणार नाही. पुढची मोठी भरती येण्याआधी तांदूळ भिजव. सगळ्या गावासमोर विचार. उजवा पडला, तर देवाला मी माझ्या खांद्यावरून वर नेईन, आणि त्या उंचवट्यावरची माती, झेंडूसकट, पाटीत भरून तुझ्या डोक्यावर देईन. डावा पडला, तर माळावरचं माझं घर मी उतरवतो, माझे बांबू खाली आणतो, आणि तुझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. बुडायचं तर सगळे बुडू. दोन्हींतलं काहीही मला चालेल. पण विचार. आणि विचारणार नसशील, तर त्या दिवशी तुला सुचलं नव्हतं, की सुचूनही तू गिळलंस, ते तुझ्या दोन पोरांना जवळ बसवून, माझ्या तोंडाकडे बघून सांग.